वाकणशेतच्या सहा सुसरी

जगन भोपीला पाण्याची चाल कळते, असं खारघरचे बिल्डर एकमेकांना सांगत, आणि ते खोटं नव्हतं. बाराव्या मजल्यावरच्या खोलीत ओल दिसली की बाकीचे मिस्त्री त्याच भिंतीचं प्लास्टर फोडायला घेत. जगन तीन मजले वर जाई, कुणाच्या तरी बाल्कनीतल्या कुंड्या बाजूला करी आणि म्हणे, "इथनं घुसतंय." पाणी जिथं दिसतं तिथून ते आलेलं नसतं, हे त्याला बापाने शिकवलं होतं. बाप मिठागरात राबलेला. खाडीचं पाणी कधी आत घ्यायचं आणि कधी बांध घालून अडवायचं, हे तो नुसतं पायाने चाचपून सांगायचा. मिठागरं गेली, त्यावर गोदामं आली, आणि पोरगा टॉवरची गळती थांबवणारा ठेकेदार झाला.

वाकणशेत हे जगनचं गाव पनवेलहून उरणकडे जाताना, टेकडीच्या पायथ्याशी. रस्त्यावर न्हावा शेवा बंदराचे कंटेनर रांगेने उभे असतात, त्यांच्या मागे गाव आणि गावाच्या मागे शंकराचं काळ्या दगडाचं देऊळ. देऊळ सात-आठशे वर्षांचं असावं असं जाणकार म्हणत. सरकारच्या कुठल्या यादीत ते नव्हतं, गावच्या कमिटीच्या ताब्यात होतं. मंडपाच्या सपाट छताला, भिंतीबाहेर हातभर डोकावणारी सहा दगडी तोंडं होती. अर्धी मगर, अर्धा हत्ती, वर गुंडाळलेली सोंड, कानामागे मासळीसारखे खवले. जाणकार त्यांना मकर म्हणतात. गावात त्या सुसरीच.

पौषातल्या एका रविवारी त्याच मंडपात कमिटी बसली. गेली चार वर्षं देऊळ गळत होतं. गेल्या पावसाळ्यात तर नंदीच्या पाठीवर बादली ठेवायची वेळ आली होती, आणि छताच्या एका शिळेला तडा गेला होता. कमिटीचे अध्यक्ष काशिराम घरत सगळ्यांची तोंडं बघून म्हणाले, "आता डागडुजी बास. शिवरात्र झाली की हे उतरवायचं. पांढऱ्या दगडाचं नवं बांधू. राजस्थानचे कारागीर येतील. खालचं सगळं काम आपला जगन करील. जगन, तू फक्त एक कागद लिहून दे, की हे दुरुस्त होण्यातलं नाय."

जगनने मान डोलावली. काम मोठं होतं, आणि गावच्या देवळाचं होतं.

कोपऱ्यात वसुंधरा देसाई बसल्या होत्या. खारघरच्या कॉलेजात त्या वास्तुकला शिकवत. गेले दोन महिने विद्यार्थ्यांना घेऊन त्या देवळाची मापं काढायला यायच्या, म्हणून गावाला ओळखीच्या झाल्या होत्या. त्यांनी परवानगी मागून एवढंच विचारलं, "पाडायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. पण छतावर कुणी चढून बघितलंय का?"

कुणीच बघितलं नव्हतं. काशिराम म्हणाले, "जगन बघेल की. तुमी पन जा मॅडम, खात्री होईल."

दुसऱ्या दिवशी दोघं शिडीने वर चढले. छतावर पांढऱ्या फुटक्या लाद्यांचं मोझॅक होतं, त्याच्याखाली विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा वीतभर जाड कोबा. जगनने खिशातलं नाणं काढून ठिकठिकाणी वाजवलं. सगळीकडून पोकळ आवाज. कोबा खालच्या दगडापासून सुटला होता, आणि मधल्या फटीत पाणी कोंडत होतं. चार कोपऱ्यांत चार पाइप होते, चारही पाला आणि पिसांनी तुंबलेले.

वसुंधराबाई कठड्याशी ओणवून एका सुसरीच्या डोक्यावर हात फिरवत होत्या. "बघा ना जगनभाऊ, हा दगड बाहेर हातभर आहे, पण भिंतीत निदान दोन हात आत गेलेला असणार. तसं नसतं तर कधीच निखळून पडला असता. एवढं वजन पेललंय, आणि खालून बघावं तर सुसर नुसती खेळत असल्यासारखी दिसते." मग त्या खाली वाकल्या. "तोंडात मात्र सिमेंट भरलंय. सहाच्या सहाही बुजवल्यात. कुणी केलं असेल हो हे?"

जगन पाइपमधला पाला काढत होता. मान वर न करता तो म्हणाला, "काय माहीत. जुनं काम असेल."

ते त्याचंच काम होतं. सतरा वर्षांपूर्वीचं. तेव्हा तो तिशीच्या आतबाहेर होता, नुकताच धंद्यात पडलेला. सुसरींच्या तोंडातून पडणारं पाणी दर्शनाच्या रांगेवर उडतं, तोंडात कबुतरं घर करतात, अशी तक्रार होती. जगनने कमिटीला सांगितलं, मी देवासाठी फुकट करून देतो, एकदम पक्कं. कोबा टाकला, पाइप बसवले, आणि सुसरींची तोंडं स्वतःच्या हाताने बुजवली. ते काम बघूनच त्याला खारघरची पहिली सोसायटी मिळाली होती. गावात अजून सांगत, जगनने देऊळ पक्कं केलं.

दुसऱ्याच्या हजार भिंतींची गळती त्याने शोधली होती. स्वतःची मात्र नाण्याच्या एका टोल्याने त्याला कळली होती, आणि तो खोटं बोलून खाली उतरला होता.

मंगळवारी सकाळी तो एकटाच छिन्नी-हातोडी घेऊन देवळात गेला. जनीकाकी मंडप झाडत होती. तिचं वय सत्तरीच्या पुढे. चाळीस वर्षं हे देऊळ तीच झाडत आली होती. त्याच्या हातातली छिन्नी बघून ती म्हणाली, "खोलतोस काय रं?"

"काय खोलतोय?"

"सुसरीची तोंडा. तूच बुजवली व्हतीस ना. मी तवा इथंच व्हते, तुला पानी प्यायला दिलता."

जगनने छिन्नी खाली केली. "तू कधी बोलली नाय कुणाला?"

"मना कोन इचारतंय?" तिने झाडू आपटून कचरा झटकला. "खोल. पन सांभाळून. लय मायेनं केलेली हायत ती."

जगन शिडी लावून पूर्वेच्या सुसरीपाशी पोचला. मशीन लावलं असतं तर काम दहा मिनिटांचं होतं, पण दगड हादरला असता. त्याने बारीक छिन्नीने, चमच्याने खरवडावं तसं सिमेंट काढायला सुरुवात केली. दोन तासांनी जबडा मोकळा झाला. खालच्या जबड्याच्या टोकाखाली त्याची बोटं गेली आणि तिथंच थांबली. ओठाच्या खालच्या अंगाला, करंगळी बसेल एवढी एक खाच आडवी कोरलेली होती.

ती खाच कशासाठी आहे, हे जगनला पुस्तकात वाचावं लागणार नव्हतं. खिडकीवरच्या छज्ज्याला तोही तशीच खाच ठेवायला लावायचा. पाणी ओठावरून उलटं वळून भिंतीकडे येऊ लागलं की त्या खाचेशी त्याची वाट तुटते आणि ते सरळ खाली पडतं. नवे गवंडी ती ठेवायला विसरतात म्हणून त्याने कितीदा आरडाओरडा केला होता.

मग तो छतावर गेला आणि सुसरीच्या मागचा हातभर कोबा उचकटला. खाली मूळ दगड लागला. सुसरीच्या घशात जाणाऱ्या भोकाच्या तोंडाशी दगडात एक गोल वाटी खोदलेली होती, शेंदूर लावायच्या वाटीपेक्षा थोडी मोठी, आतून गुळगुळीत. पाण्याबरोबर आलेली माती आणि काटक्या त्या वाटीत बसाव्यात, आणि वरचं निवळ पाणी तेवढं भोकात जावं. भोकही मागे रुंद होतं आणि पुढे अरुंद होत गेलं होतं. जगनने त्यात हात घालून बघितला. अरुंद वाटेने पाण्याला जोर मिळतो. पाणी तोंडातून गळत नाही, फेकलं जातं, भिंतीपासून लांब.

तो तिथंच मांडी घालून बसला. इतकी वर्षं त्याने सुसरी म्हणजे नक्षी समजून सोडून दिल्या होत्या. पण त्या घडवणारा नुसता नक्षीकाम करणारा माणूस नव्हताच. तो जगनसारखाच माणूस होता, पाण्याची चाल ओळखणारा. फक्त त्याच्याकडे पाइप नव्हते, डांबर नव्हतं, हमीचं कार्ड नव्हतं. होता तो दगड आणि छिन्नी, आणि आपलं काम आपल्यामागेही चालत राहावं अशी अक्कल. एवढं सगळं करून वर त्याने त्या भोकाला सोंड दिली, डोळे दिले, हसरा जबडा दिला.

दुपारी जगन खारघरला कॉलेजात गेला. वसुंधराबाई तास संपवून बाहेर येत होत्या. त्यांना बाजूला घेऊन तो म्हणाला, "मॅडम, काल मी खोटं बोललो. ते सिमेंट माझं आहे."

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही नाणं वाजवताना तुमचा चेहरा बघत होते मी." मग हातातल्या वह्या कट्ट्यावर ठेवून म्हणाल्या, "आता पुढे काय करायचं म्हणता?"

"ते कमिटीला सांगतो. मग उघडतो सगळं. पण वर सिमेंट नको, ते मला कळलं. मग काय लावायचं ते तुम्ही सांगा. चुन्याचं काम मला येत नाही."

"मलाही कागदावरच येतं," त्या म्हणाल्या. "दोघं मिळून शिकू."

पुढच्या रविवारी कमिटी पुन्हा बसली. जगनने कागद आणलाय असं सगळ्यांना वाटलं. तो उभा राहिला आणि म्हणाला, "देऊळ जुनं झालं म्हणून गळत नाय. मी गळवलं. सुसरींची तोंडं बुजवली, वर कोबा टाकला, दगडाचा उतार बुजवला. पाण्याला जायला वाट ठेवली नाय, म्हणून ते आत शिरलं."

काशिरामांनी चष्मा काढला. "सतरा वर्सं आमी तुझं नाव सांगतोय लोकांना," ते हळूच म्हणाले. "आनि आता तू हे सांगतोस?"

"आता कळलं, म्हणून आता सांगतोय, दादा. शिवरात्रीपर्यंत मला मोकळीक द्या. सगळं काढतो. मग टँकर आणून छतावर पाणी सोडतो. आत टिपूस जरी आलं तरी तुमी म्हणाल तो कागद लिहून देतो."

काशिरामांना राग आला होता, पण गावासमोर चूक कबूल करणाऱ्या माणसाला ते काय बोलणार? "टिपूस आलं तर पहिला घन मी घालीन," एवढं म्हणून ते उठले.

काम सुरू झालं. जगनने खारघरची दोन कामं पुढे ढकलली आणि आपले चार जुने मिस्त्री गावात आणले. कोबा तुकड्या-तुकड्याने निघाला. त्याच्याखालच्या शिळा पंधरा दिवस उन्हात वाळल्या. वसुंधराबाईंनी चुना मळायची रीत शोधून काढली. चुना भिजत घालायचा, हिरड्याचं आणि गुळाचं पाणी त्यात मिसळायचं, आणि तो लोण्यासारखा होईपर्यंत कुटत राहायचा. मळलेल्या चुन्याचा पहिला घाणा फाटला. दुसरा तडकला. तिसऱ्या घाण्याला जनीकाकीने बोट लावून बघितलं आणि म्हणाली, "आता लागल." त्याच चुन्याने शिळांचे सांधे आणि ती तडकलेली शिळा भरून घेतली.

सहावी सुसर उत्तरेची. तिथं जगनच्या हातून अनर्थच व्हायचा. पाच तोंडं उघडून त्याचा हात सरावला होता. या सुसरीच्या जबड्यात, दातांच्या मधोमध एक गोळा होता. लहानपणापासून पाहिलेला, पण कामाच्या भरात तोही आपल्याच सिमेंटचा समजून जगनने छिन्नी लावली आणि हातोडी उगारली.

"थांबा," वसुंधराबाई शिडीखालून म्हणाल्या. त्यांच्या आवाजाने त्याचा हात वरच राहिला. "याचा रंग बघा. ते सिमेंट नाही."

त्याने ओल्या फडक्याने गोळा पुसला. काळा दगड. पण सुसरीच्याच शिळेतला नव्हता, वेगळा घडवून घट्ट ठोकून बसवलेला होता. गोळ्याच्या खाली, बोटभर अंतरावर त्याचं सिमेंट सुरू होत होतं, आणि सिमेंट काढल्यावर तिथं खरं भोक मिळालं. मग वरच्या गोळ्यामागे काय होतं? जगन छतावर जाऊन पालथा पडला, टॉर्च लावून बघितलं, आणि हसू लागला.

"काय झालं?" वसुंधराबाईंनी विचारलं.

"घडवणारा चुकला होता, मॅडम. पहिलं भोक चार बोटं वर पाडलं त्याने. छताच्या पातळीच्या वर. त्यातनं पाणी गेलंच नसतं. मग खाली दुसरं पाडलं, आणि वरचं बुजवलं."

वसुंधराबाई शिडी चढून वर आल्या. दोघांनी आळीपाळीने वाकून बघितलं. एवढ्या मोठ्या शिळेचं काम, महिनाभराची मेहनत, आणि त्यात झालेली चूक. त्या माणसाने शिळा टाकून दिली नव्हती. चुकलेल्या भोकात गोळा बसवून त्याने सुसरीच्या दातांत फळ दिलं होतं. सहा सुसरींत गावाला हीच सगळ्यांत आवडायची. लहान मुलं तिला लाडूवाली म्हणत.

"आमच्या मापांच्या वहीत या चुकीची नोंदच नाही," वसुंधराबाई म्हणाल्या. "दोन महिने मी हिला नुसती सुंदर म्हणत होते." त्या दिवशी त्यांनी विद्यार्थ्यांना बोलावलं आणि शिकवायचं काम जगनला दिलं. जगन आधी लाजला. मग वाटी, उतार, खाच, गोळा यांच्याबद्दल असा बोलत सुटला की दुपारचे तीन कधी वाजले ते कुणाला कळलं नाही.

शिवरात्रीच्या चार दिवस आधी टँकर आला. गाव जमलं. काशिराम मंडपात आत जाऊन उभे राहिले, मान वर करून, छताकडे डोळे लावून. जगनने छतावर पाइप धरला आणि पाणी सोडायला सांगितलं.

आधी काहीच झालं नाही. पाणी शिळांवर पसरलं, उताराने सरकलं, वाट्यांमध्ये जमून फिरू लागलं. मग पूर्वेच्या सुसरीच्या घशातून घरघर ऐकू आली, आणि तिच्या तोंडातून पाण्याची कमान बाहेर पडली. पाठोपाठ दुसरी, तिसरी. लाडूवालीने सगळ्यांत शेवटी तोंड उघडलं. गोळ्याखालून पाणी पंख्यासारखं पसरून निघालं, आणि उन्हात त्याचा प्रत्येक थेंब वेगळा दिसला. गावातल्या निम्म्या लोकांनी हे कधी पाहिलंच नव्हतं. एका म्हातारीने हात जोडले, तशा बाकीच्या बायकांनीही जोडले.

पण पाणी खालच्या पेव्हर ब्लॉकवर आदळून उडत होतं, आणि देवळाचा पाया भिजू लागला होता. काशिराम बाहेर आले आणि त्यांनी हेच बघितलं. "आत सुकं हाय, मानलं," ते म्हणाले. "पन भिंतीचं काय? पाच पावसाळ्यांत पाया खचेल."

जगन कठड्यावरून वाकून बघू लागला. सुसरी घडवताना इतका विचार करणारा माणूस एवढंच कसं विसरला?

तेवढ्यात जनीकाकी पुढे झाली. चपला काढून, ओल्या पेव्हर ब्लॉकवर पाय रोवून ती म्हणाली, "ह्या लाद्या उचला. खाली डोनी हाय. मी लगीन होऊन आले तवा आमी बाया तिच्यात पाय धुवायचो."

मिस्त्र्यांनी ब्लॉक काढले, भराव उपसला. वीतभर खाली दगडाची डोणी लागली, उथळ कुंडासारखी. सुसरीच्या तोंडाच्या बरोबर समोर, पाण्याची कमान जिथं पडत होती तिथंच. तिच्या तळाला पाणी पडून पडून खळगा झाला होता, आणि तिच्यातून एक दगडी नाली देवळाजवळच्या तळ्याकडे गेली होती. प्रत्येक सुसरीखाली तशीच डोणी निघाली. संध्याकाळी टँकरचं उरलेलं पाणी सोडलं तेव्हा ते कमानीतून डोणीत, डोणीतून नालीत आणि नालीतून तळ्यात गेलं. पाया कोरडा राहिला.

काशिराम डोणीच्या काठावर उकिडवे बसून खळग्यातून बोट फिरवत होते. ते म्हणाले, "एवढं डोकं असलेल्या मानसाचं काम आपन घन घालून उतरवनार होतो." मग उठून धोतर झटकलं आणि कमिटीच्या लोकांना म्हणाले, "राजस्थानला फोन करून नको म्हनून सांगा."

त्या पावसाळ्यात पाऊस नुसता कोसळला. तडकलेल्या शिळेपाशी आषाढात थोडी ओल आली. जगनने ती मान्य केली, आणि दिवाळीनंतर तो सांधा पुन्हा भरायचं ठरवलं. नंदीची पाठ मात्र कोरडी राहिली. पाऊस जोरात असला की लोक छत्र्या घेऊन देवळाभोवती उभे राहू लागले, नुसते सुसरी बघायला. द्रोणागिरीच्या गोदामांतले कामगार, सोसायट्यांतली पेन्शनवाली मंडळी, वसुंधराबाईंच्या नव्या वर्गातली मुलं.

काशिराम पाहुण्यांना स्वतः फिरवून दाखवतात. "राजस्थानवाले येनार होते," ते सांगतात, "पन मी ठाम राहिलो. बोललो, हात लावायचा नाय." जगन शेजारी उभा असला तरी काही बोलत नाही. महिन्यातून एकदा तो शिडी लावून वर चढतो, सहाही वाट्यांतला पाला आणि माती हाताने काढतो आणि प्रत्येक वाटी फडक्याने पुसून घेतो. मिस्त्री म्हणतात, शेठ, आम्हाला सांगा, आम्ही करू. हे एक काम मात्र तो कुणाला देत नाही.